देवाच्या डब्यातले तीनशे

"तबे, देवाचा डबा कुठाय गं?"

आईने हे इतक्या हळू विचारलं, की मला वाटलं ती प्रार्थनाच पुटपुटतेय. रविवारची सकाळ होती, त्यातून कापणीच्या सणाचा दिवस. मी आरशापुढे वेणीला रिबन बांधत होते. आई सणाचं लुगडं नेसून स्वयंपाकघरातल्या फळीसमोर उभी होती आणि फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"बाबा घेऊन गेले ना," मी म्हणाले. "तू न्हाणीत होतीस तेव्हा. देवळात वेदी सजवायची होती त्यांना."

"भरलेला डबा नेला?"

"मग रिकामा नेऊन काय करतील?"

आईने फळीला घट्ट धरलं. "अगं मेले, त्यात तुझे तीनशे रुपये आहेत!"

माझ्या हातातली रिबन खाली पडली.

आता हा देवाचा डबा म्हणजे काय ते सांगते. आमच्या सोनखडीत तीस-पस्तीस घरं ख्रिस्ती. प्रत्येक घरात एक डबा वेगळा ठेवलेला असायचा. दळणाची ज्वारी निवडायला घेतली, की बाई आधी एक मूठ त्या डब्यात टाकणार, मग बाकीचं आपलं. ती देवाची मूठ. घरात उपास पडला तरी त्या डब्याला कोणी हात लावायचं नाही. वर्षातून एकदा, कापणीच्या सणाला, ते डबे, भोपळे, कोंबड्या, अंडी, जे काही असेल ते देवळात न्यायचं, वेदीपुढे ठेवायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा. येतील ते पैसे देवळाच्या कामाला.

तर आमच्या मातोश्रींनी विचार केला, की अख्ख्या घरात ज्याला कोणी म्हणजे कोणी हात लावत नाही अशी जागा एकच. म्हणून माझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी दोन वर्षं अंडी विकून, शिवणकाम करून जमवलेले तीनशे रुपये एका फडक्यात बांधून तिने देवाच्या डब्याच्या तळाशी पुरले होते. शनिवारी काढून घ्यायचे होते, पण शनिवारी पाहुणे टपकले आणि राहून गेलं. बुधवारी मला नगरला जाऊन फी भरायची होती. बुधवार चुकला की जागा दुसऱ्या मुलीला, आणि मग माझ्यासाठी वैजापूरचा एक मुलगा तयारच होता. त्याचं नाव मी सांगत नाही, बिचाऱ्याला नातवंडं आहेत आता. पण त्या मुलाला बघून आल्यापासून मी रात्रंदिवस नर्स होण्यासाठी प्रार्थना करत होते.

"बाबांना सांगून टाकू," मी म्हणाले.

"खबरदार!" आई म्हणाली. "त्यांना सांगितलं, की ते तिथंच उभे राहून जाहीर करतील, की घाटविसावे कुटुंबाकडून तीनशे रुपये अर्पण. आणि वर टाळ्या वाजवायला लावतील."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. माझे वडील, याकोब मास्तर, शाळेत शिक्षक. माणूस देवमाणूस, पण खिशाला बूड नाही. एकदा दारात एक इसम 'माझी म्हैस मेली हो' म्हणून रडला, तर बाबांनी अर्धा पगार काढून दिला. पुढच्या आठवड्यात तोच इसम सायकलला किटल्या अडकवून म्हशीचं दूध विकत गल्लीत आला. आईने बाबांना ओढत दारात आणून तो दाखवला. बाबा म्हणाले, "बघ! प्रभूने उठवली असेल." आई तीन दिवस बोलली नाही. पैशाची काळजी हा बाबांच्या मते अविश्वास होता. ते अंगणातल्या चिमण्या दाखवून म्हणायचे, "यांचं कुठं खातं आहे?" आणि आई म्हणायची, "त्यांना मुलीची फी पण भरायची नाही."

आम्ही दोघी धावतपळत देवळात पोचलो. वेदीपुढे नुसता बाजार भरला होता. ऊस, हरभऱ्याचे ढाळे, टोपलीखाली चार कोंबड्या, आणि डबे. तीसेक तरी असतील, सगळे डालड्याचे, सारख्या मापाचे. आमचा मात्र लगेच ओळखू आला, कारण बाबांनी त्यावर तांबड्या रंगात वळणदार अक्षरात आमचं नाव घातलं होतं. शिवाय तो त्यांनी अगदी मधोमध ठेवला होता.

पहिलं गीत सुरू झालं तशी आईने मला कोपराने ढोसलं. "जा, फुलं नीट करायच्या निमित्ताने जा. हात घाल आणि काढून आण."

मी गेले. एक झेंडू सरळ केला, दुसरा सरळ केला, डब्याच्या झाकणाला हात लावला, तेवढ्यात मागून पंच शिमोनअप्पा खेकसले, "ए पोरी! वेदीवर ठेवलं ते देवाचं झालं. हात काढ!" अप्पा देवळाचे पंच, आणि स्वर्गाचीही किल्ली त्यांच्याच कमरेला असल्यासारखे वागायचे. मी परत आले. आईने कपाळावर हात मारला.

त्यात पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका काय विषय घ्यावा? पैशाची चिंता! पाऊण तास! पाखरं झाली, रानफुलं झाली, जमिनीत पैसा पुरून ठेवणाऱ्याची फजिती झाली. प्रत्येक वाक्याला आई बाकावर एकेक इंच खाली सरकत होती. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "या मंडळीत असं कोण आहे, ज्याने आपली पैशाची चिंता आज प्रभूपुढे ठेवली आहे? उभं राहून साक्ष द्यावी."

कोणी उठेना. मग पुरुषांच्या बाजूने बाबा वळले आणि मोठ्या आशेने आईकडे बघायला लागले. त्यांच्या पाठोपाठ सगळी मंडळी बघायला लागली. आई उठली. न उठून सांगते कोणाला!

"माझी सगळी चिंता," ती वेदीकडे बघत म्हणाली, "या घडीला प्रभूपुढेच ठेवलेली आहे."

"आमेन!" बाबा ओरडले. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. मला हसू की रडू तेच कळेना.

उपासना संपली, डबे आणि बाकीचं सगळं देवळापुढच्या मांडवात आणून लिलाव सुरू झाला. लिलाव पुकारायचे बाबा, दरवर्षी. त्या कामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. एका भोपळ्याचं ते असं वर्णन करायचे, की भोपळ्यालाही लाज वाटावी. लिलावात रोख द्यायचं नसे. नाव लिहून घेत, महिन्याभरात भरायचं. हाच आईला आधार होता. तिच्या कमरेला सव्वादोन रुपये होते.

"आपण पाच रुपयांत उचलू," ती माझ्या कानात म्हणाली. "ज्वारीच्या डब्याला पाचच्या वर कोण जातंय?"

कोंबड्या गेल्या, अंडी गेली, आणि बाबांनी आमचाच डबा उचलला. "एक डबा ज्वारी! याकोब मास्तरच्या घरची! बोला!"

"पाच!" आई ओरडली. इतक्या जोरात, की पुढच्या ओळीतलं तान्हं मूल रडायला लागलं.

सगळा मांडव वळून बघायला लागला. कारण आमची आई लिलावात कधीही तोंड उघडत नसे. कोथिंबिरीच्या जुडीला दहा मिनिटं घासाघीस करणारी बाई ती, आणि आज स्वतःच्या घरची ज्वारी स्वतःच विकत घेतेय! बाबा तर हरखूनच गेले.

"बघा मंडळी!" ते म्हणाले. "आपलंच अर्पण पुन्हा विकत घेऊन दुप्पट द्यायला निघालीय माझी सगुणा! पाच एक वार..."

"दहा," मागून आवाज आला.

एलीशाकाका आढाव. गावातल्या पिठाच्या गिरणीचे मालक. धान्य बोटांत धरून त्याची जात सांगणारा माणूस. त्यांनी डोकं चालवलं, की मास्तरची बायको अशी उगाच पाचाला जाणार नाही. या ज्वारीत काहीतरी आहे.

"पंधरा!" आई.

"वीस."

"तीस!"

आता बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, मुंबईहून आलेलं बियाणं आहे. दुसरी म्हणाली, बियाणं नव्हे, साखरेच्या आजारावर चालते म्हणे ही ज्वारी. तिसरीने तर छातीठोक सांगितलं, की मास्तरांच्या सासूबाईंचे गुडघे हिच्याच भाकरीने मोकळे झाले. माझी आजी वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"पन्नास!" ही बोली शिमोनअप्पांची. त्यांचे गुडघे दुखायचे.

"साठ!" आईचा आवाज चिरकला. मी तिचा पदर ओढत होते, ती मला झटकत होती. तिकडे बाबांना तर पंख फुटले होते. आपल्याच बायकोच्या अंगावर बोली चढवत होते. "काय वहिनी, दमलात?" असं परक्या बाईला विचारावं तसं आपणच विचारायचे, आपणच हसायचे. "अगं सगुणा, सोडू नकोस! देणाऱ्याला प्रभू कमी पडू देत नाही!"

"अहो, पुरे करा ना!" आई कळवळून म्हणाली.

"पुरे कसं? अजून तर मांडव तापतोय!"

शंभरला शिमोनअप्पा गळाले. दीडशे झाले, दोनशे झाले. दोनशे म्हणजे तेव्हा काय गंमत नव्हती, बाबांचा महिन्याचा पगार तेवढा नव्हता. एलीशाकाकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांची बायको त्यांच्या पाठीत चिमटे काढत होती. पण सगळ्या गावासमोर आता एका बाईपुढे माघार कशी घ्यायची? आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. ती माझ्या मनगटाला धरून होती आणि प्रत्येक बोलीला नखं आत रुतत होती.

"दोनशे नव्वद."

"तीनशे!" आई म्हणाली.

"तीनशे पाच," एलीशाकाका म्हणाले. तेही रडकुंडीला आले होते.

आईने दम घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तीनशे दहा!"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. काय करणार, मी गणितात पहिल्यापासून बरी. मी बाकावरून ओरडले, "आई! अगं थांब, आत तीनशेच आहेत!"

बाबांचा वर उचललेला हात तसाच वर राहिला.

"आत काय तीनशे?" त्यांनी विचारलं.

आई उभीच होती. तिने पदर सावरला. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "रुपये," ती म्हणाली. "तबीच्या फीचे. दोन वर्षं साठवले. डब्यात लपवले. तुमच्यापासून लपवले. मघाशी साक्ष दिली ती खरी होती, पण ती प्रभूला समजली, तुम्हाला नाही." आणि ती रडायला लागली. आई रडली, की मी पण सुरू. आमच्या घरात ही कामं आम्ही मिळूनच करायचो.

शिमोनअप्पा तरातरा पुढे आले. "बाई, वाईट वाटतं, पण नियम तो नियम. वेदीवर ठेवलं ते देवाचं. आशीर्वाद झाला. आता ते पैसे देवळाचे."

"अहो अप्पा, पोरीची फी आहे," कोणीतरी म्हणालं.

"फी असो नाहीतर राजाचा खजिना असो! डब्यात जे जे असेल ते ते देवाचं! तिचंच नव्हे, सगळ्यांच्या सगळ्या डब्यांतलं! काय पाळकसाहेब?"

पाळकसाहेब अडचणीत सापडले. ते चष्मा पुसायला लागले. नियम तर खरा होता. वैजापूरचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे दात काढून उभा राहिला.

"मग माझेही गेले म्हणायचे," असा एक आवाज आला.

सगळे वळले. पाळकीणबाई उभ्या होत्या. अतिशय शांत, शालीन बाई. कधी मोठ्याने बोललेली कोणी ऐकली नव्हती.

"तुमचे काय गेले?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एकशे वीस रुपये. तिसऱ्या रांगेतला डबा आपला आहे. तुम्ही सकाळी उचलून दिलात, मला काढायला सवडच मिळाली नाही."

"अगं, तू?" पाळकसाहेबांचा चष्मा हातात तसाच राहिला. "चार वर्षं मी हाच उपदेश करतोय!"

"तो ऐकूनच तर ठेवायला लागले," पाळकीणबाई म्हणाल्या.

मग जे झालं ते मी अजून आठवून एकटीच हसते. मागच्या बाकावरच्या राहेलआजी काठी टेकत उठल्या आणि एक शब्द न बोलता डब्यांच्या रांगेकडे चालू लागल्या. त्यांच्या मागे फुलवंताबाई. मग मार्थामावशी आणि तिची सून, दोघी एकमेकींकडे बघत, कारण एकीचं दुसरीला माहीत नव्हतं. बघता बघता पंधरा-सोळा बाया खाली बसून कोपरापर्यंत हात घालून ज्वारी उपसत होत्या. कोणाची नोट निघाली, कोणाच्या कानातल्या रिंगा निघाल्या, एका डब्यातून तर पोस्टाचं पासबुक निघालं. पुरुष मंडळी 'आं?', 'अरे वा!', 'हे कधीचं?' असं करत उभी. अख्ख्या सोनखडीची पुंजी वर्षभर देवाच्या पहाऱ्यात होती आणि एकाही नवऱ्याला पत्ता नव्हता.

शिमोनअप्पांचा आवाज अजून चढलेलाच होता. "हे बघा, नियम म्हणजे..." एवढ्यात त्यांच्याच घरच्या बाई, हातात मळकी पुरचुंडी घेऊन, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणत होतात?" त्यांनी विचारलं.

"मी म्हणत होतो," अप्पा म्हणाले, "की अर्पण ज्वारीचं होतं. पैशाचं कोणी अर्पण केलेलं नाही."

"आमेन," सगळ्या बाया एकदम म्हणाल्या. लिलाव रद्द झाल्याचं पाळकसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हा एलीशाकाकांनी 'प्रभूची स्तुती असो' असं म्हटलं ते इतकं मनापासून, की तसं त्या देवळात मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ज्वारी नंतर साडेचार रुपयांना गेली. पाळकसाहेबांची शेवटची प्रार्थना एरवी वीस मिनिटं चालायची. त्या दिवशी त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभो, तू सगळं बघितलंसच. आमेन."

आम्ही तिघं घरी निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. फडक्यातले तीनशे आईच्या मुठीत. बाबा चार पावलं पुढे, हात मागे बांधून, गप्प. बाबा गप्प म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलंय. मला वाटलं, आता घरी गेल्यावर आईचं काही खरं नाही. ओढ्यापाशी बाबा थांबले.

"मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही देऊन टाकले असते."

बाबांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. "हो," ते म्हणाले. "दिले असते."

ओढ्यात दोन म्हशी डुंबत होत्या, त्यांच्याकडे ते बघत राहिले. शेवटी तिकडेच बघत म्हणाले, "सगुणा, मी इतकी वर्षं चारचौघांत सांगत आलो, की प्रभू माझं सगळं बघतो म्हणून मला पैशाची चिंता नाही. तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही."

आईने फडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"माझ्या वाटणीची काळजी पण तूच करत होतीस. मला वाटलं माझा विश्वास दांडगा आहे." त्यांनी तिच्या हातातल्या फडक्याकडे बोट दाखवलं. "बुधवारी फी भरायला तूच जा पोरीबरोबर. हे पैसे माझ्या हातात देऊ नकोस. आणि मला आता सांग. किराणा, कापड, ते शिंप्याचं, सगळं धरून आपण लोकांचं किती देणं लागतो?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. आईने त्यांच्याकडे नीट बघितलं, खरंच ऐकायचंय का याची खात्री केली, आणि आकडा सांगितला.

बाबा ओढ्याकाठच्या धोंड्यावर मटकन बसले. टोपी काढली, तिने वारा घेतला, परत घातली. "एवढं?" ते म्हणाले. "अगं, मला जरा बसू दे."

आणि आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिला असं हसताना त्याआधी बघितलंच नव्हतं.

"बसा, बसा, सावकाश बसा," ती म्हणाली. "मी एकवीस वर्षं उभीच आहे."